पगाराची जागा

हुडकेश्वर, नागपूर
१२ ऑगस्ट

प्रिय काजल,

लकव्यानंतर मावशींचा उजवा हात आता थोडा उचलतो, हे वाचून बरं वाटलं. बोटं रोज एकेक करून उघडत जा. काटोलात तुझ्यासारखी फिजिओथेरपिस्ट लेक त्यांना घरातच मिळाली. मी इथे धंतोलीत दिवसाला अकरा पेशंट करते आणि घरी येईस्तोवर माझेच हात उचलत नाहीत.

तुझा रिफंड आला म्हणतेस. तुझं बरं आहे वं. तुझा पगार. पूर्ण वर्षाचा अंदाज धरून दवाखान्याने कर कापला, जानेवारीपासून तू बिनपगारी रजेवर गेलीस, तर जास्तीचा कर रिटर्न भरताच परत आला. मी त्याच मजल्यावर पेशंटांचे तसेच गुडघे वाकवते, पण कागदावर मी स्वतंत्र व्यावसायिक. कर लागण्याइतकी कमाई नसली तरी दर बिलातून दहा टक्के आधीच कापतात. मग वर्ष सरायची वाट, रिटर्न, पुन्हा वाट. यंदा तर अकाउंटच्या ताराचंदभाऊंनी माझा पॅन नंबरच चुकवला. कापलेला कर माझ्या नावावर दिसतच नाही, मग रिफंड कशाचा? नऊदा गेले. "सुधरवून राहिलो न मॅडम," एवढंच.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच पैशांवर ठरवलं होतं. दुसऱ्यांदा पुढे ढकललं. "काहून जीव जाळतं वं, एका डोळ्यानं दिसते न मले," म्हणाले, आणि चहा कपाबाहेर ओतला.

आपण दोघी एकाच दिवशी मुलाखतीला आलो होतो. पगाराची जागा एकच होती. तुला मिळाली, आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मी खात होते, माझ्यासाठी रडत तू होतीस.

सोमवारी मॅनेजरांनी बोलावलं. तुझी रजा आता वाढवणार नाहीत; तुझ्या जागेवर येता का, विचारलं. मावशींना अजून दोनच महिने लागतील, तेवढं थांबा, हे मी सांगायला हवं होतं. निदान तुला फोन करायला हवा होता. मी फक्त पगार कधीपासून, एवढंच विचारलं. काल सही केली. दवाखान्याचं पत्र तुला दोन-तीन दिवसांत येईल. त्याआधी माझं पोचावं म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे. माफी मागत नाही. तू लगेच माफ करशील, आणि ते मला सोसणार नाही.

तू म्हणशील तर अजून तुझीच,
रुचिका