हिरव्या टाचेचा मोजा

२९ मार्च

लेकीचा फोन. "आई, दिवस भरत आले. तू कधी निघतेस?" निघते म्हटलं. फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं — औषध कसं न्यायचं?

संधिवात माझा, पण त्या इंजेक्शनची सगळी उस्तवार ह्यांची. बसने दोन तास जाऊन मोठ्या दवाखान्यातून आणायचं, वाटेत थंड ठेवायचं, आणलं की फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवायचं. टोचायचे पण हेच. मी फक्त मांडी पुढे करायची आणि दुसरीकडे बघायचं.

जानेवारीपासून एक माणूस घरपोच डबा आणून देतो. सही घेतो, जातो. टोचायला शेजारच्या सिस्टरने शिकवलं. बोटांनी बटण दाबत नाही, तळहाताने दाबते. जमतं. पण बाळंतपणाला म्हणजे महिना-दीड महिना राहायचं. दिवसभराचा बसचा प्रवास. औषध चुकलं तर माझ्या हातांच्या मुठी होतात, मग मी बाळंतिणीला मदत काय करणार? उलट तिलाच माझी वेणी घालावी लागेल.

५ एप्रिल

आज इंजेक्शनचा शुक्रवार.

फ्रिजमधून काढलं की अर्धा तास बाहेर ठेवायचं असतं. गार टोचलं तर आग होते. तो अर्धा तास आमचा होता. टेबलावर मध्ये इंजेक्शन, एका बाजूला हे, एका बाजूला मी. मी वाचून दाखवायची, हे ऐकायचे. नळाची कामं करून दमलेले असायचे, पण झोपायचे नाहीत. "पुढं?" म्हणायचे.

शाळा मला फार मिळाली नाही. वाचायला शिकले ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायचं काम. माझ्या टेबलावर पाचवा फॉर्म, म्हणजे सोळा पानं छापलेला एक कागद, आला की पान पासष्ट ते ऐंशी. तेवढंच वाचायला मिळायचं. कोण कोणाची बायको, कशावरून भांडण, काही पत्ता नाही. घरी येऊन ह्यांना सांगायची, की एक बाई स्टेशनवर उभी आहे, आणि पान संपलं. मग हे कुठून तरी ते अख्खं पुस्तक पैदा करायचे. "घे. बघ तिची गाडी आली का."

आज अर्धा तास बसले. समोरची खुर्ची. पुस्तक उघडलं नाही.

१२ एप्रिल

भाऊजी आले होते, मी नसताना घरावर लक्ष ठेवायचं म्हणून किल्ली न्यायला. ह्यांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नाही. पण चहा पिता पिता पुन्हा तेच.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. पण त्या दिवशी दादाचं डोकं ठिकाणावर नसणार. एक मोजा घालून कोण घराबाहेर पडतं?"

दवाखान्यातून ह्यांच्या वस्तूंची पिशवी भाऊजींनीच आणली होती. चष्मा, किल्ल्या, पाकीट. रुमाल — पिळून काढावा इतका ओला. बूट दोन. मोजा एक. औषध घेऊन परत येताना बसस्टँडच्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. पण भाऊजी म्हणतात, आधीच काहीतरी बिघडलं असणार. सकाळपासूनच.

ते मोजे मी विणले होते. हात बरे होते तेव्हाची शेवटची जोडी. राखाडी लोकर संपली म्हणून टाचा हिरव्या केल्या. हे म्हणाले होते, "बरंय की. बूट काढल्याशिवाय कुणाला दिसतंय?"

त्या सकाळी माझे सांधे आखडले होते. मी अंथरुणातून उठले नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दार ओढून घ्या." एवढंच. तोंड वळवलं असतं, पायांकडे बघितलं असतं तर दिसलं असतं. जाऊ दिलं नसतं. सिस्टरला हाक मारली असती. हे भाऊजींना सांगितलं नाही. लेकीलाही नाही. कुणालाच नाही.

१९ एप्रिल

टोचलं. हात बरे आहेत. बाळासाठी दुपटी शिवली. टाके मोठे आलेत, पण सरळ आहेत.

२१ एप्रिल

औषधाची निळी पिशवी माळ्यावरून काढायला सिस्टर आली. जानेवारीत जावईबापूंनी तिथे टाकलेली, ती तशीच होती. ह्यांचं झालं त्या दिवशी दवाखान्याने ती औषधाची म्हणून त्यांच्या फ्रिजमध्ये वेगळी ठेवली होती. जावई दुसऱ्या दिवशी घेऊन आले, औषध फ्रिजमध्ये ठेवलं, पिशवी वर. त्या डब्यातली इंजेक्शनं मी नंतर घेतली. ह्यांनी आणलेली शेवटची.

सिस्टरने चेन उघडून माझ्या हातात दिली. आत तळाशी मोजा. राखाडी, हिरव्या टाचेचा.

म्हणजे भाऊजींचं बरोबर होतं. हातात मोजा घेतला आणि पायात घालायच्या ऐवजी औषधाच्या पिशवीत टाकला! लहान पोर करतं तसं. आणि तसाच बूट घालून निघाले माझं औषध आणायला. डोकं गेलं होतं, पण माझं औषध लक्षात होतं.

सिस्टर बर्फाच्या पिशवीबद्दल सांगत होती. आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, दगडासारखी झाली पाहिजे. पुढे आणखी काहीतरी सांगत होती. मी हो हो म्हणत होते. लक्ष सगळं मुठीतल्या मोज्यात.

२२ एप्रिल

मोजा धुतला नाही. धुणार नाही. अजून वास आहे, बुटांच्या चामड्याचा आणि ह्यांचा.

२९ एप्रिल

बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय.

सिस्टरची काल-आज दवाखान्यात पाळी, म्हणून पिशवी मीच भरली. खाली बर्फ, वर डबा, डब्यावर आणखी एक बर्फाची पिशवी. चांगली घट्ट. निळी पिशवी मांडीवर. मोजा माझ्या पर्समध्ये.

कंडक्टर म्हणाला, "आजी, काय एवढं जपताय? सोनं आहे का?"

"औषध आहे. गार राहायला पाहिजे."

"मग इकडं पुढं ठेवा. माझ्याजवळ."

"तुमच्याजवळ म्हणजे इंजिनाजवळ. शिजेल ते."

हसला. "आमचं आयुष्य शिजलं इथं, कुणाला काळजी नाही." दर थांब्यावर मागे येऊन विचारत होता, "आहे का गार?" मी आत हात घालून बघायची. बर्फ अजून दगड. बरं वाटलं. ह्यांच्याशिवाय एक तरी काम धड केलं.

३० एप्रिल

काल रात्री पोचले. लेकीचं पोट केवढं! मिठी मारायला आली तर आम्हा दोघींच्या मध्ये तिसरं. दोघी रडलो, मग हसलो.

तिनेच डबा उघडला. इंजेक्शनला मध्ये छोटी काचेची खिडकी असते, त्यातून औषध दिसतं. तिने उजेडाकडे धरलं. "आई, हे असंच असतं का गं?" आत बर्फाच्या बारीक सुया. डब्यातल्या दोन्ही इंजेक्शनांत.

जावईबापू म्हणाले, "फ्रिजमध्ये ठेवू. वितळेल."

वितळेल. मी पण तेच म्हटलं.

३ मे

वितळलं. पण नेहमी पाण्यासारखं असतं ते गढूळ झालंय, आत धाग्यासारखं काहीतरी तरंगतं. अर्धा तास टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. टोपण काढलं सुद्धा. लेक म्हणाली, "थांब गं, विचारू तरी." चौकातल्या औषधांच्या मोठ्या दुकानात फोन लावला. बाई होती तिथली.

एकदा गोठलं की संपलं, म्हणाली. वितळलं तरी घ्यायचं नाही. नवीन मागवते, दहा-बारा दिवस लागतील.

दोन्ही फेकून दिली. थंड राहावं म्हणून एवढी धडपडले आणि थंडीनेच मेलं.

हे बर्फाच्या कारखान्यातल्या पाइपांना चिंध्या गुंडाळायचे. मी चिडवायचे, पाइपांना सर्दी होते का? "गोठलं की फुटतं," म्हणायचे. मला तेव्हा काय माहीत, माझ्या औषधाचंही तेच.

७ मे

पेन्सिल धरवत नाही. चहाचा कप दोन मनगटांत धरून प्यायले.

१० मे

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सने बाळ माझ्याकडे आणलं. मी हात मागे घेतले. पाडलं तर?

"घ्या की आजी." नाही म्हटलं, सर्दी आहे मला. खोटं बोलले. लेकीला कळलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

१४ मे

दुपारभर थांबत थांबत लिहिते आहे. बोटं दुखतात, पण हे लिहिलंच पाहिजे.

नवीन औषध आल्याचा फोन सकाळी आला. जावई दवाखान्यात लेकीला घरी सोडायची कागदपत्रं करत होते. मी म्हटलं, मी आणते. निळ्या पिशवीत बर्फ घालून निघाले. चौक लांब नाही. पण ऊन. पोचेपर्यंत घामाने रुमाल चिंब.

दुकानातली बाई तरुण आहे, तोंडाने फटकळ. "तुम्हीच का त्या औषध गोठवणाऱ्या? बर्फ आणि डबा यांच्यामध्ये काय ठेवलं होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही? आजी, मध्ये कापड लागतं. बर्फ औषधाला चिकटता कामा नये. आधी कोण आणायचं तुमचं?"

"आमचे हे."

"मग त्यांनी नाही सांगितलं?"

"ते जानेवारीत गेले."

बाईने फ्रिजमधून डबा काढला. मग हळू म्हणाली, "त्यांना माहीत असणार. नाहीतर कधीतरी त्यांचंही गोठलं असतं. द्या बघू तुमचा रुमाल."

दिला. लगेच परत केला तिने. "हा ओला आहे. ओलं नको, ते बर्फाला लागून गोठतं. कोरडं काही आहे का? जाडसर?"

पर्समध्ये काय असणार? चष्म्याचं घर, किल्ली, मोजा. बोटं चालेनात, तिनेच हात घालून मोजा काढला. "हा चालेल. लोकरीचा आहे, उत्तम." आणि डबा आत सरकवला. टाचेपर्यंत गेला. मापाने शिवल्यासारखा बसला.

मी काउंटर धरून उभी राहिले.

बाहेर बाकावर बसले. एकाने विचारलं, "आजी, बरं वाटत नाहीये का?" बरं आहे म्हटलं. निळी पिशवी मांडीवर, एका हातात तो ओला रुमाल. आमच्या बसस्टँडवरचा बाक असाच आहे.

घरी आले तेव्हा जावई लेकीला आणि बाळाला घेऊन पोचले होते. त्यांनीच पिशवी घेतली, मोज्यातून डबा काढला, फ्रिजमध्ये ठेवला. सहज म्हणाले, "आज बाबांसारखंच बांधून आणलंत, आई."

"म्हणजे?"

"त्या वेळीही डबा मोज्यातच होता की. मीच काढला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत ते."

"त्यात काय बोलायचं? मला वाटलं, तुमच्याकडे असंच ठेवतात."

मी खाली बसले. लेक आतून ओरडली, "काय झालं गं आईला?" जावई घाबरून पाणी आणायला धावले. मी नको म्हटलं. मला फक्त तो मोजा द्या म्हटलं.

त्याला आता वास नाही. गार आहे आणि थोडा ओलसर.

१५ मे

त्या सकाळी निघताना ह्यांच्या दोन्ही पायांत मोजे होते. मी बघितलं नाही, तरी होते. रुमाल घामाने भिजला, तेव्हा डब्यासाठी एका पायातला काढला.