संमतीपत्राला उशीर का झाला

सिंगापूर,
१८ सप्टेंबर २०१६

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनी यांना उल्हासचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठीक आहे. सुनेत्रा आणि अनुया पुण्याला गेल्यापासून (अनुयाचं कॉलेज, तुम्हाला ठाऊकच आहे) मी जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो. सकाळी आंघोळीनंतर रामरक्षा म्हणतो, ती हल्ली जरा मोठ्याने म्हणतो, कारण दिवसातलं तेवढंच मराठी तोंडातून निघतं. जेवायला खाली हॉकर सेंटरमध्ये जातो. तिथे खुर्चीवर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं की जागा आपली होते. मी अजूनही तीन खुर्च्यांवर तीन पाकिटं ठेवतो आणि मग दोन उचलून घेतो.

खालचा शिवार विकायच्या संमतीपत्राचे कागद ऑगस्टमध्येच पोचले. सही न करता मी ते महिनाभर ठेवून घेतले, याबद्दल तुम्ही रागावला असाल. रागावा. तुमची बाजू मला कळते. तुमच्याने चालवत नाही, नांगराला माणूस मिळत नाही, आणि घेणारा रिसॉर्ट बांधायला आजच तयार आहे. मी इथे एअरकंडिशनमध्ये बसून नाही कसं म्हणू? उशिराचं कारण मात्र आमच्या ऑफिसातला फिनबार नावाचा आयरिश माणूस आहे, म्हणून आधी त्याचं सांगतो.

हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसात मी जहाजांची कागदपत्रं बघतो आणि फिनबार माझ्या शेजारी बसतो. वय पंचावन्न, उंची खांबासारखी. त्याच्या गावाकडे सध्या एक काम चाललंय. गावातली मंडळी प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, टेकाडाचं जुनं नाव लिहून काढतात, कारण नकाशात नुसते आकडे उरलेत आणि नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात. फिनबारच्या शेतांची नावं त्याच्या आईला, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या ब्रीदबाईंना, पाठ. मग संध्याकाळी सहाला (तिकडे सकाळचे अकरा) हा मीटिंगच्या खोलीतून आईला फोन लावायचा, ती आयरिश नाव सांगायची, हा मला इंग्रजीत अर्थ सांगायचा आणि मी गावच्या समितीचा फॉर्म भरायचो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी फक्त छत्री घ्यायला आत गेलो होतो, ते महिनाभर जात राहिलो. घरी जाऊन तरी काय करणार होतो?

उन्हाचं शेत, घोड्याचा डोह, विधवेची खिंड अशी एकतीस नावं झाली. बत्तिसावं एक गोल टेकाड निघालं, त्यावर एकच काटेरी झाड. ब्रीदबाई म्हणाल्या, ते कुणी नांगरत नाही, फांदी मोडत नाही. एका चुलत्याने ट्रॅक्टर घातला, तर त्या महिन्यात त्याचा पाय गेला. तिथे राहणाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, मे महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी दूध ठेवून मागे न बघता परत यायचं. दादा, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? मी प्रकाराच्या रकान्यात ‘देवस्थान’वर खूण केली. शेऱ्यात लिहिलं की हा शिवेचा राखणदार आहे, चपला काढून जावे, वर्षातून एकदा नारळ द्यावा, शाकाहारी की मांसाहारी ते माहीत नाही. आणि फिनबारला न दाखवता पाठवून दिलं (तो कॉफी आणायला गेला होता).

चार दिवसांनी त्यांच्या समितीच्या सेक्रेटरीचं, एका निवृत्त मास्तरांचं, उत्तर आलं. माहिती अतिशय उपयुक्त आहे, परंतु आमच्या चर्चच्या फादरांनी ती वाचली असून, नारळ केव्हापासून देतात, असं ते विचारतात. फिनबार इतका हसला की खुर्चीवरून घसरला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या देवाला मी आपला नारळ चिकटवला! मी सगळं खोडायला बसलो, तर फोनवरून ब्रीदबाई कडाडल्या, “खबरदार! त्या टायपिस्टला सांग, नारळ काढ, बाकी अक्षर हलवायचं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर लिहिलंय!”

मग फिनबारने सहज विचारलं, “आणि तुझ्या शेतांची नावं?” मी म्हणालो, “गट नंबर एकशे चौदा, हिस्सा तीन.” तो म्हणाला, “ते सरकारचं झालं. तुझी आई काय म्हणायची?”

दादा, मी पेन घेऊन बसलो आणि मला पाचच आठवली. खालच्या शिवारात भाताचे कुणगे तर अकरा आहेत ना?

गेल्या शनिवारी फिनबार कायमचा गावी गेला. त्याची आई थकली आहे. मीटिंगची खोली आता संध्याकाळी रिकामी असते. मी एक-दोनदा छत्री घ्यायला जाऊन आलो.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या देवांपुढे माझ्या वतीने डोकं टेकवा, आणि धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
उल्हास

ता.क. संमतीपत्रावर मी सही केली आहे. विकू नका म्हणायचा अधिकार मला नाही, याची जाणीव आहे.

ता.क. दुसरा. सही करताना गट नंबरांच्या शेजारी जागा मोकळी दिसली, म्हणून मी तिथे देवाचा कुणगा, सुकी बाव, रेड्याची बुडकी, आवशीचा मळा आणि बायोचा कोपरा अशी नावं लिहिली, आणि उरलेल्या सहांसाठी ओळी आखल्या. शाईने. आमच्या मजल्यावरचे चारुदत्त वकिलीच्या कामातले आहेत. ते म्हणाले, आता हा कागद रजिस्ट्रार हातात धरणार नाही. म्हणून तो सोबत पाठवत नाही.

ता.क. तिसरा. नवे कागद पाठवू नका, माझा भरवसा नाही, मी पुन्हा तेच करीन. मी आठ ऑक्टोबरला येतोय, तिकीट काढलं आहे. तुम्हाला चालायचं नाही. तुम्ही वरच्या बांधावर खुर्ची टाकून बसा, मी एकेका कुणग्यात जाऊन उभा राहीन, तुम्ही तिथून त्याचं नाव ओरडा. सगळी अकरा झाली की नव्या कागदावर सही करीन, एक अक्षरही जास्त लिहिणार नाही. तुम्हालाही एखादं आठवलं नाही, तर मात्र आठवेपर्यंत थांबू. माझी दोन महिन्यांची रजा साठली आहे.