तिसऱ्या गाण्यातलं रिकामं अर्धं मिनिट

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं असेलच. तिन्ही रेकॉर्ड मी दोन-दोन घेतल्या, तर दुकानदाराने विचारलं की घरी जुळी मुलं आहेत का. मी सांगितलं, नाही हो, पन्नाशीची बहीण आहे, पडदे शिवते, आणि गिटार जरा मऊ वाजली की तिचं डोकं दुखतं. तो हसला नाही. हेवी मेटल विकणारी माणसं फार गंभीर असतात.

आता अभिप्राय. पहिली, तुटलेल्या साखळीचं चित्र असलेली. दणका आहे नुसता! ड्रम नव्हेच, भिंत पाडायचं काम चाललंय. गायक तळघरातून ओरडतो आणि त्याला वर यायची काही घाई नाही. दुसरी, पिवळ्या धुराची. गिटारी जाडजूड, झकास, पण तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर अर्धं मिनिट चक्क काहीच नाही. आधी वाटलं लाइट गेले. ही कसली फॅशन? तिसरी, घोड्याच्या कवटीची. तिचा बास खुर्चीतून थेट पाठीत शिरतो, मला सगळ्यात आवडली ती हीच. तिन्हींबद्दल एक तक्रार मात्र आहे. हल्ली झांजा कुणी वाजवतच नाही वाटतं. ड्रमवाल्याचा निम्मा संसार गेला कुठे? मी सुई दोनदा बदलून पाहिली.

कारखान्यात बरं चाललंय. कागद वाळवायचे सहा मोठे पंखे माझ्याकडे आहेत, एप्रिलपासून कारखान्यातले बाराही माझ्याकडे येणार. साहेब म्हणाले, सळईचं एक टोक बेअरिंगला आणि दुसरं कानामागे लावून दुखणं ओळखणारा तुझ्यासारखा दुसरा फिटर नाही. खालची मंडळी तर मला डॉक्टरच म्हणतात.

आपला नियम लक्षात असू दे. दोघांची पत्रं पोचेपर्यंत फोनवर रेकॉर्डबद्दल चकार शब्द नाही. भावजींना नमस्कार. लोभ आहे तो असाच मोठ्या आवाजात राहू द्यावा.

तुझा,
डबड्या

११ फेब्रुवारी

चि. डबड्यास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. कवटी बघून आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी कानावर हेडफोन चढवून एका दमात सहा पडदे शिवले, तेव्हा गप्प बसल्या.

साखळीवाल्याचं तू लिहिलंस ते शंभर टक्के खरं. कवटीवाली मला जरा एकसुरी वाटली, पण तुझ्या पाठीत शिरली म्हणतोस तर शिरू दे. आता धुराच्या रेकॉर्डबद्दल. अरे, ते अर्धं मिनिट रिकामं नाही. तिथे झांजेच्या कडेवरून काडी फिरवत राहावी तसा बारीक, थरथरता आवाज आहे, एकसारखा. मी शिलाई मशीन थांबवून तीनदा ऐकलं. मग तुझ्या भावजींना ओढून बसवलं. त्यांनाही ऐकू आलं, वर म्हणाले की सबंध रेकॉर्डमध्ये सहन होण्यासारखं तेवढंच आहे. आणि झांजा कुणी वाजवत नाही म्हणजे काय? साखळीवाल्याने तर झांजांचा नुसता पाऊस पाडलाय.

तुझं पत्र वाचून काळजात धस्स झालं, खोटं कशाला सांगू. दोन रविवार मी फोन करतेय. दोन्ही वेळा माझी भावजय बोलली, तू म्हणे गच्चीवर होतास. तिच्यामागे टीव्ही इतका किंचाळत होता की मला तिचं नीट ऐकू येईना. लहानपणी डबडी बडवून आईचं डोकं उठवायचास, म्हणून हे नाव पडलं तुला. तेव्हा साऱ्या घरात तुझेच कान सगळ्यात तिखट होते. एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. एवढं ऐक माझं.

माया आहेच, तिला उत्तराचीही भूक असते एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं आपलं काहीतरीच! शिंक आली तरी तू न्यूमोनिया लिहून मोकळी होतेस. धुराची रेकॉर्ड पुन्हा लावली. रेकॉर्ड प्लेअरचीच वायर सैल होती, बसवली. आता ते अर्धं मिनिट लख्ख ऐकू येतं. आधी अगदी हळू, मग मध्यावर जरा चढतं, आणि गिटार येण्यापूर्वी पटकन तुटतं. बरोबर ना? साखळीवाल्याच्या झांजाही सापडल्या. दुसऱ्या गाण्यात डावीकडून येतात, चौथ्यात दोन्हीकडून. झालं समाधान?

फोनचं म्हणशील तर संध्याकाळी गच्चीवर बरं वाटतं, बाकी काही नाही.

इकडे सगळं ठीक. फक्त तेल घालणाऱ्या मावशी हल्ली भलत्या कुरकुरतात. म्हणे चार नंबरचा पंखा किणकिणतो. मी सळई लावली, दहा मिनिटं उभा राहिलो, आवाज अगदी गोल, लोण्यासारखा. त्यांना म्हटलं, मावशी, तुमचं वय झालं. रागावल्या आहेत. त्या पंख्याखालीच कागद निवडणाऱ्या दोघी बसतात, त्यांनाही यांनी घाबरवून ठेवलंय.

पुढची रेकॉर्ड निवडायची पाळी तुझी. घाबरट काही घेऊ नकोस. मायेत कपात नको.

तुझा,
डबड्या

२८ फेब्रुवारी

चि. डबड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि आधी हायसं वाटलं. मग पुन्हा वाचलं. तू आयुष्यात कधी डावीकडून आणि उजवीकडून असं लिहिलं नाहीस. तुझं आपलं दणका, झकास आणि भिंत. असो, वय वाढलं की माणूस नीटनेटका होत असेल.

सोबत नवी रेकॉर्ड पाठवतेय, दगडी जिन्याची. चौघांचा बँड आहे, चौघेही भांडत असल्यासारखे वाजवतात. पहिली बाजू वेगाने पळते, दुसरी चिखलातून चालावं तशी जड जाते. मला जड बाजूच जास्त भावली. गायिका आहे, बाई माणूस, आणि आवाज असा की दाराची कडी आपोआप निघावी! शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं आहे. ते संपता संपता, सगळं थांबल्यावर, अगदी लांबून एक बारीक घंटा तीनदा वाजते. ती तुला कशी वाटली ते मुद्दाम लिही.

माझी भावजय आईकडे जाणार म्हणून फोनवर सांगत होती, गेली ना? तिची आई बरी होऊ दे लवकर. जेवणाची हेळसांड करू नकोस. मावशींचंही जरा ऐकून घेत जा रे, त्या रोज तिथेच असतात. आशीर्वाद नेहमीचेच, थोडे जास्तच.

तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वा, काय निवडलीस! जिन्याची रेकॉर्ड सलग चारदा ऐकली. जड बाजू म्हणजे रोडरोलर. गायिकेला माझा साष्टांग नमस्कार. पण खरी कमाल शेवटी. ती घंटा! सगळं शांत झाल्यावर ती तीनदा वाजते, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. तिसरी तर किंचित लांबवलीय असं मला वाटलं. असल्या बारीक गोष्टी आपल्यासारख्यांनाच कळतात.

ही अजून आईकडेच आहे, पंधरवडा लागेल. मी भात शिजवतो आणि भांडी उद्यावर टाकतो. बारा पंख्यांचं जवळजवळ पक्कं झालंय, साहेबांनी हात मिळवला. जीव लावलाच आहेस, तसाच राहू दे.

तुझा,
डबड्या

१२ मार्च

चि. डबड्यास,
अ. उ. आ.

घंटा नाही रे.

त्या रेकॉर्डवर कुठेच घंटा नाही. गाणं संपतं आणि संपतं, बस. मी ती मनाने लिहिली. तू लिहावंस की ताई, तुला वेड लागलंय का, घंटा कुठली, म्हणून रोज टपालाची वाट बघत होते. तुझं पत्र दुकानातच फोडलं आणि मालकीणबाईंच्या समोर रडले. त्यांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

तुला फसवलं याची लाज वाटते. पण तू मला महिनाभर फसवतोयस, त्याचं काय? त्याआधीच्या पत्रातलं डावं-उजवं तू माझ्या भावजयीला शेजारी बसवून लिहिलंस, हो ना? आता ती घरी नाही म्हणून सापडलास.

डबड्या, तुझे कान गेले तरी माझा भाऊ कुठे जात नाही. पण चार नंबरच्या पंख्याखाली दोन बायका बसतात, तूच लिहिलंस. मावशींना जे ऐकू येतंय ते तुला येत नसेल तर? हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय. हातात पडेल तेव्हा असशील तसा ऊठ आणि साहेबांना सांग. उद्यावर टाकू नकोस, ही भांडी नाहीत. सोमवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी गाडीत बसून थेट तुझ्या कारखान्याच्या दारात उभी राहीन, आणि मी कशी बोलते ते तुला ठाऊक आहे.

आशीर्वाद सगळेच्या सगळे.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला फक्त एवढंच सांगता आलं की पंखा बंद केला. तू पलीकडून काय बोललीस ते मला कळलं नाही, रडत होतीस एवढं कळलं. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझं पत्र कामावर निघताना मिळालं. इतका राग आला की चुरगळून खिशात कोंबलं. माझी परीक्षा घेते म्हणजे काय! तसाच तणतणत चार नंबरकडे गेलो, सळई लावली. गोल आवाज, काही नाही. मग ती सळई मावशींच्या कानामागे लावली. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, तीन आठवडे हेच सांगतेय, तुम्ही मला म्हातारी म्हणालात. ताई, मला तिथे तोंड लपवायला जागा सापडेना.

साहेबांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी पंखा थांबवला, मग माझ्याकडे बघितलं. बेअरिंग उघडलं तर आतल्या गोळ्यांचा चुरा, दांडा तापून निळा पडलेला. आणखी दोन दिवसही काढले नसते त्याने. तो निसटला असता तर पातं थेट खाली गेलं असतं. त्या दोघी तेव्हा डबा खात होत्या. एकीने हात हलवून मलाही बोलावलं.

दोन वर्षांपासून मला माहीत होतं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग चिमण्या, मग कुकरची शिट्टी. बहिऱ्या काकांची आपल्या घरी किती थट्टा व्हायची, आठवतं? सगळ्यात जास्त मीच करायचो. मला तसं व्हायचं नव्हतं. तुझा तर्क बरोबर होता, ही शेजारी बसून सांगायची आणि मी लिहायचो. तिला मीच शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नकोस.

डॉक्टर म्हणाले, गेलेले बारीक आवाज परत येणार नाहीत. उरलंय ते जपायचं. यंत्र बसवलं की माणसांचं बोलणं बरंचसं कळेल. पंख्यांपासून लांब राहायचं आणि रेकॉर्ड मोठ्याने लावायच्या नाहीत. साहेबांनी मला गोदामात बसवलंय. पगार तोच ठेवला, पण डॉक्टर म्हणत कुणी हाक मारत नाही. सळई मावशींकडे दिली. कुठे टेकवायची ते दाखवलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

शनिवारी त्या दुकानात गेलो. निळ्या आगीचं चित्र असलेली नवी रेकॉर्ड आलीय. सवयीने दोन उचलल्या, मग एक परत ठेवली. तुझी पाठवतोय. तू सावकाश ऐक आणि मला लिही, पानं लागली तरी चालतील. झांजा कुठे येतात, किती वेळ राहतात, काडी फिरवल्यासारखं काही आहे का, सगळं लिही. फक्त जे नसेल ते लिहू नकोस, ताई. तू लिहिशील ते सगळं मी ऐकलंच असं धरणार आहे.

तुझा,
डबड्या