सांधणारी काच

३ जून
पोचले एकदाची! प्रयोगशाळा झकास आहे: मोठ्या खिडक्या, लखलखीत फरशी आणि माझं स्वतःचं टेबल. इथे स्वतःहून सांधणारी काच बनते. चीर पाडा, जेवून या, चीर गायब! सर म्हणाले, उद्या विमानाला तडा म्हणून जाणार नाही. नियम एकच, हातमोजे घालायचे नाहीत. केसाएवढी चीर नखालाच कळते म्हणे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचे हात सदा कोटाच्या खिशात, चहासुद्धा नळीने ओढतात. मी त्यांचं नाव ठेवलं खिसेबाई. दादाला व्हिडिओवर सांगितलं तर पोट धरून हसला. तो जन्मापासून बहिरा, आमचं सगळं बोलणं बोटांचं. भांडणंसुद्धा.

९ जून
भांडी घासून हाताला पडलेल्या भेगा आपोआप भरल्या. फुकटचं मलम! पण बोटांवरच्या रेषाही पुसल्या गेल्यात, फोन मला ओळखतच नाही. सरांना दाखवलं, तर खुशीत फोटो काढून घेतले.

१६ जून
करंगळी शेजारच्या बोटाला जोडली गेलीय. मधे गुळगुळीत कातडी. सर म्हणाले, घाबरू नकोस, फार मोलाचं निरीक्षण आहे. निरीक्षण! माझी बोटं आहेत ती, मेल्या! काचेला फट दिसली की ती बुजवते, तिला काय कळतंय? याला कळत होतं.
खिसेबाईंनी दार लावून हात बाहेर काढले. बोटं नव्हतीच, दोन गुळगुळीत उलथनी. म्हणाल्या, असे हात घेऊन दुसरीकडे कोण कामाला ठेवणार, म्हणून गप्प बसले. त्यांच्यावरही भडकले मी. अहो, एका शब्दाने सांगायचं होतंत!

१९ जून
मधली कातडी कापली. जेवून आले — परत जोडलेली. दादा व्हिडिओवर विचारतो, बोटांनी पुटपुटतेस काय, नीट बोल. कशी बोलू रे? रडून घेतलं. मग नुसता संताप.

२० जून
डाव्या हाताने लिहितेय, त्याची दोन बोटं अजून सुटी आहेत. सर पाहुण्यांना माझा उजवा हात दाखवत होते. हातमोजे घालून! स्वतः हातमोजे घालून! पाहुणे गेले आणि ठेवून दिली थोबाडीत, सणसणीत —
हात निघत नाही.
सर ओढतायत, गयावया करतायत. आता जेवून यायचीही वाट बघत नाही ती काच. गाल कुठे संपतो — माझा तळवा कुठे — सरांचं तोंडही फटच ना, ते बुजतंय. ओरडणं थांबलं. बरं झालं. रडू दे डोळ्यांनी, जोवर —
समोर फोन वाजतोय. दादा. खिसेबाईंनी कोपराने घेतला. पडद्यावरून तो हातवारे करतोय, काय झालं, काय झालं. पेन टाकून दोन बोटांनी तरी सांगते —
पेन सुटत नाही. दादा, मी —