दोन रोवण्या एकाच दिवशी

माय, तुझी पणती, म्हणजे माझी नात, आत प्रॅक्टिकल देते आहे आणि मी भंडाऱ्याला तिच्या कॉलेजात, सायकल स्टँडजवळच्या ओट्यावर बसून तुला लिहितो आहे. सारखा उठतो, बसतो, म्हणून अक्षर असं. तू म्हणशील, यात नवीन काय, हा जन्माचाच घाबरट. पण आज भीती नाही. आज जत्रेला निघालेल्या पोरासारखं झालं आहे, बूड टेकून बसवत नाही. मघा शिपाई येऊन म्हणाला, "बुवा, कायले फेऱ्या मारून राहिले? पेपर तुमचा आहे का?" मी म्हटलं, "माझाच समजा."

तुला सुरुवातीपासून सांगायला हवं. परवा रविवारी तिनं नागपूरला नीटचा पेपर दिला. डॉक्टरकीला जायचं तर हा पेपर द्यावाच लागतो. ही तिची दुसरी वेळ. पहिल्या वेळी थोडक्यात राहिली, तेव्हा तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, तिला म्हणाला, "घरी बसून नुसता नीटचा अभ्यास चालणार नाही. बी.एस्सी.ला नाव टाक. तिथं पास होत राहा आणि नीट पण दे. कॉलेजात एकही विषय राहिला तर डॉक्टरकीचं नाव या घरात निघणार नाही." ती हो म्हणाली. मला वाटलं, झालं, पोरगी दोन्हीकडून जाणार.

पण काय वर्ष गेलं, माय! पहाटे उठून ती नीटची गणितं सोडवते, मग मोहाडीहून बस धरून कॉलेज, संध्याकाळी येऊन कॉलेजच्या वह्या. एकदा येताना बसमध्ये अशी झोपली की थेट तुमसरला जाऊन उतरली. मी घरी अंगणात येरझारा घालतो, आणि ही फोनवर हसते. मला राहवत नाही. चहा नेऊन देतो आणि विचारतो, झाला का, पुरेल का वेळ? एकदा चिडली. "आबाजी, तुम्ही विचारता तेवढ्या वेळात एक धडा होते माझा!" मला तू आठवलीस. मी लहान, डोक्यावर धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन बांधावर उभा, आणि तुला सारखं विचारतो आहे, पुरतील का, माय, पुरतील का? तू चिखलात वाकलेली. मान वर न करता म्हणतेस, "पेंढ्या टाक अन् रोवाले लाग. मंग पाहू पुरते का." तेव्हापासून मी तिला विचारणं सोडलं. म्हणजे कमी केलं. मग तीच आपणहून सांगू लागली. म्हणे, माणसाच्या हृदयात चार खोल्या असतात. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या घरापेक्षा दोन जास्त." ती इतकी हसली की ठसका लागला.

मग कॉलेजचं टाइमटेबल लागलं. प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल शनिवारी, दिवसभर, भंडाऱ्याला. रविवारी नीट, नागपूरला. तो शनिवार तिनं शेवटच्या उजळणीसाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणाली, "आबाजी, प्रॅक्टिकल सोडतो मी. दोन्ही केले तर एकही धड होणार नाही." मी म्हटलं, "अन् तुझ्या बापाची अट?" प्रॅक्टिकल सोडलं तर विषय राहतो, विषय राहिला तर नीटचा निकाल चांगला येऊनही बाप तोंड फिरवणार. पोराला मी ओळखतो, माझ्यासारखा बोलबोल करत नाही, पण शब्द फिरवत नाही.

मला त्या दिवशी एकच सुचलं, आणि ते तुझंच होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत गावात रोवणाऱ्या बायांची टोळी एकच. तुझी आणि दुसऱ्या कुणाची रोवणी एकाच दिवशी आली की तू हातपाय धुऊन, पदरात सुपारी बांधून त्या घरी जायचीस. सुपारी समोर ठेवायची आणि म्हणायचं, "बाई, एक दिवस द्या." नाही म्हणालेलं कुणी मला आठवत नाही. त्यांचा दिवस तू पुढे कधी तरी स्वतः रोवायला जाऊन फेडायचीस. मग मीही धोतर बदललं, खिशात सुपारी टाकली आणि कॉलेजात गेलो. नातीला सांगितलं नाही.

प्राणिशास्त्राच्या मॅडम तरुण आहेत. मी त्यांच्या टेबलावर सुपारी ठेवली आणि म्हटलं, "बाई, एक दिवस द्या." त्या सुपारीकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात. "आजोबा, हे काय?" मी सगळं सांगितलं, रोवणीसकट. त्या हसल्या, पण वाईट नाही. म्हणाल्या, "तारीख विद्यापीठाची, मला हलवता येत नाही. पण दोन बॅच आहेत, एक शनिवारी, एक मंगळवारी. मंगळवारच्या बॅचमधली एखादी मुलगी शनिवारी यायला तयार असेल आणि दोघींनी तसं लिहून दिलं, तर माझी हरकत नाही." मग सुपारी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "ही तिला द्या."

घरी येऊन नातीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "आबाजी! सुपारी? मॅडमले?" आणि मग उठून मला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहापूरला गेलो. तिथली एक मुलगी मंगळवारच्या बॅचमध्ये होती. ती म्हणाली, "शनिवारी काय देऊ मी? मले तर अजून काहीच येत नाही." आतून तिची आजी आली. मी ओट्यावर सुपारी ठेवली. म्हातारीनं पाहिलं मात्र, नातीला म्हणाली, "अवं, दिवस मांगाले आले ते. दे." आणि माझ्या नातीकडे वळून, "पण फेडशील कधी?"

फेडला, माय. एक पूर्ण दिवस तिनं शहापूरच्या त्या घरी बसून त्या मुलीला प्राणिशास्त्र शिकवलं. मी इकडे तडफडतो आहे, एक दिवस मिळवला आणि एक घालवला, हिशेब तोच राहिला. ती संध्याकाळी आली ती उड्या मारतच. "आबाजी, तिले समजवता समजवता माझंच पक्कं झालं! नीटमध्ये पण हेच येते!" तिकडे ती मुलगी शनिवारी येऊन देऊन गेली, चांगलं गेलं म्हणाली. आणि आमची रविवारी पेपर देऊन बाहेर आली तेव्हा तिचा हसरा चेहरा मी लांबूनच पाहिला. काही विचारलं नाही. खरंच नाही विचारलं.

थांब, सुटले वाटतं. आली.

आता बसमध्ये आहे, म्हणून अक्षर आणखी बिघडलं. ती शेजारी बसून आलूबोंडा खाते आहे. मॅडमनी स्लाइड ओळखायला दिल्या, सगळ्या ओळखल्या म्हणाली. नीटचा निकाल लागायला अजून वेळ आहे. धान खळ्यावर येईपर्यंत पोत्यांची गोष्ट काढू नये, असं तू शिकवलंस आणि मी आजवर पाळलं. पण आता कंडक्टर आला, "बाबा, कोठी जाता?" म्हणाला, आणि कुणी काही विचारलेलं नसताना माझ्या तोंडून गेलं, "मोहाडी. एक माझं, अन् एक आमच्या डॉक्टरीणबाईचं." ती लाजून खिडकीकडे वळली. कंडक्टरनं तिला नमस्कार केला.

तू गेलीस तिथं टपाल जात नाही, म्हणून हा कागद मी घडी करून ठेवून देणार. तुला कळलं तर रागावशील. पण खरं सांगतो माय, गावात उतरल्यावर कुणी विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगणार आहे.