फेटाही माझा, किल्लीही माझी

८ जून, रविवार
निश्चय झाला. यंदा काचीगुड्याच्या आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मीच. मंडळाचं पन्नासावं वर्ष. ऑगस्टमध्ये सुवर्णमहोत्सव. स्टेजवर मधल्या खुर्चीत फेटा बांधून कोणीतरी बसणारच, मग मी का नको? औषध कंपनीत क्वालिटी सांभाळली. माझ्या सहीशिवाय एक गोळी गेटबाहेर जात नव्हती. रिटायर झाल्यापासून सही फक्त कुरियरवाला मागतो.

अडचण एकच. अध्यक्ष सगळे सभासद मिळून हात वर करून निवडतात, आणि हात दरवर्षी उमाजीरावांसाठीच वर होतात. त्यांचं नारायणगुड्यात वह्या-पुस्तकांचं दुकान. अर्ध्या सभासदांच्या बारशाला हा गृहस्थ हजर होता. आम्ही पुण्याहून आलेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीत राहणारे. मागच्या वर्षी मी उभा राहिलो होतो. किती हात वर झाले ते इथे लिहीत नाही. एक बायकोने, म्हणजे मीनाने, केला होता. पण ती म्हणते, मी पंखा वाढवायला सांगत होते.

१० जून, मंगळवार, सकाळी
मार्ग सापडला!! कन्या मृण्मयी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. चहा पिताना तिची उजळणी घेत होतो (म्हणजे ती सांगत होती, मी मान हलवत होतो). आपल्याकडे राष्ट्रपतीला मान आणि पंतप्रधानाकडे कारभार. अमेरिकेत दोन्ही एकाकडे, पण त्याच्यासाठी देशभर मतदान. दक्षिण आफ्रिकेत मात्र अध्यक्षाला संसद निवडते, आणि कारभारही तोच चालवतो.

चहा गार झाला. कारण हे तर आमचंच प्रकरण! आमच्याकडे फेटा अध्यक्षाला आणि हॉलची किल्ली सेक्रेटरीकडे. नवी पद्धत अशी: सभासदांनी नऊ जणांची कमिटी निवडायची. कमिटीने आपल्यातूनच अध्यक्ष निवडायचा. फेटाही त्याचा, किल्लीही त्याची. सगळ्या गावाला पटवत बसण्यापेक्षा चौघांना पटवणं सोपं. पाचवं मत माझं.

मृण्मयी म्हणाली, बाबा, पण जी संसद निवडते ती काढूही शकते. अविश्वास ठराव झाला की अध्यक्ष घरी. म्हटलं, ते थिअरीत. प्रॅक्टिकलमध्ये मला कोण काढणार?

१५ जून, रविवार
घटनादुरुस्तीचा मसुदा. दिवसभर वाचन. प्रशांत महासागरात नाउरू नावाचा देश आहे. अख्ख्या देशाची माणसं कुकटपल्लीच्या कॉलनीच्या एखाद्या फेजमध्ये मावतील. तिथेही संसदच अध्यक्ष निवडते, पण तिथले अध्यक्ष फार पटापट बदलत आलेत. नाउरू रद्द. दक्षिण आफ्रिका फायनल.

तिथलं एक कलम फारच आवडलं. अध्यक्ष झालेला माणूस संसदेचा सदस्य राहत नाही, त्याची सीट रिकामी होते. बरोबरच आहे. माडीवर पोचलेल्याने जिना कवटाळून कशाला बसायचं? कलम जसंच्या तसं उचललं. मृण्मयी म्हणाली, बाबा, याचा नीट विचार करा. ही पिढी फार घाबरट.

६ जुलै, रविवार
सर्वसाधारण सभेत दुरुस्ती मंजूर! मी नकाशासकट बोललो. अर्ध्यावर आलो तेव्हा स्वयंपाकघरातून कढीच्या फोडणीचा वास आला आणि सगळ्यांनी एकदम हात वर केले. मुद्दा पटला.

उमाजीराव विरोध करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, हौ प्रमोदराव, करा की, लाइट लो (म्हणजे मनावर घेऊ नका). फकत पंगत बंद करू नक्को.

पंगतीबद्दल नोंद. मंडळाची कुठलीही सभा पंगतीशिवाय संपत नाही. उमाजीरावांच्या मालनबाई भाकरी, अंबाडीची भाजी आणि कढी करतात. रीत अशी की वर्षाच्या मोठ्या पंगतीत मावळत्या अध्यक्षाने वाढायचं. उमाजीराव दरवर्षी मावळतात, वाढतात आणि पुन्हा उगवतात. एरवीच्या पंगतीतही ओगराळं त्यांच्याच हातात. ते घेऊन फिरताना कोणी म्हणतं नळ गळतोय, कोणी म्हणतं पोरीसाठी स्थळ बघा. हे म्हणतात, हौ, बघतो. ही काय प्रशासनाची पद्धत झाली? मिनिट्स नाहीत, ॲक्शन पॉइंट्स नाहीत. नुसती कढी.

१३ जुलै, रविवार
झालो!!! आधी सभासदांनी नऊ जणांच्या कमिटीत घेतलं, मग कमिटीत पाच विरुद्ध चार. कमिटीतला सौरभ आणि त्याचे तीन आयटीवाले मित्र माझ्या बाजूला. मीटिंग अर्ध्या तासात संपवीन असा शब्द दिला होता. उमाजीरावांनी स्वतः सेक्रेटरीकडून किल्ली आणून हातात ठेवली. जड आहे. छान वाटलं.

नियमाप्रमाणे माझी सीट रिकामी झाली. सभासदांनी तिथे लगेच मीनाला निवडलं. हात किती वर झाले म्हणता! पंख्याचा प्रश्नच आला नाही. सीट घरातच राहिली. दक्षिण आफ्रिकेतही इतकी सोय नसेल.

घरी येईपर्यंत फोन दोनदा वाजला. एक राँग नंबर होता. पण दुसरा खरंच माझ्यासाठी.

१६ जुलै, बुधवार
अध्यक्षीय आदेश.

आदेश एक: पंगत बंद. वेळ जातो. सभेनंतर चहा आणि उस्मानिया बिस्किट. सुवर्णमहोत्सवाला पॅक डबे. मावळत्याने वाढण्याची प्रथाही बंद, पदाला शोभत नाही.

आदेश दोन: रविवारी सकाळी हॉलमध्ये माझी व्याख्यानमाला, ‘जगातील राज्यपद्धती’. तिथे सध्या मुलांचा मराठी वाचनवर्ग असतो, तो खाली पार्किंगमध्ये घ्यावा. या मुलांना तेलुगू येतं, हिंदी येतं, इंग्रजी तर विचारूच नका, पण मराठी पाटी दिसली की आईकडे बघतात. सुवर्णमहोत्सवात ती मंडळाची हकिकत वाचून दाखवणार म्हणे. कौतुक आहे. पण वाचायला हॉल कशाला?

वर्ग मीनाचा आहे. तोंडी सांगणं प्रोटोकॉलला धरून नव्हतं, म्हणून टाइप केलेलं पत्र दिलं. ‘श्रीमती मीना यांस.’ तिने वाचलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं. समजूतदार आहे. जेवायला हाक मारायची विसरली, हाताने वाढून घेतलं.

२० जुलै, रविवार
पहिलं व्याख्यान. श्रोते मोजके, पण दर्जेदार. सौरभचे सासरे एसीखाली अगदी शांत झाले, घोरण्याइतके. बाकीचे मधेच खिडकीशी गेले. खाली पार्किंगमध्ये सौरभचा मुलगा रोहन मोठ्याने वाचत होता. ‘मं-ड-ळा-ची स्था-प-ना.’ एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला तर त्याच्याकडे बघून पुन्हा पहिल्यापासून. मी कार्यकारी सत्तेवर होतो, पण सगळ्यांचं लक्ष ‘स्थापना’वर.

पुढच्या वेळी खिडक्या बंद.

२७ जुलै, रविवार
कमिटीची पहिली मीटिंग, पंगतीशिवाय. मी एका टोकाला, कमिटी दुसऱ्या टोकाला. वीस मिनिटांत संपली. एकही प्रश्न नाही, एकही तक्रार नाही. आदर्श सभा.

बिस्किटं तशीच राहिली. सगळे भराभर खाली उतरले. शिस्त लागली म्हणून बरं वाटलं. मग कळलं, मालनबाईंनी कढीचं पातेलं पार्किंगमध्ये उतरवून घेतलं होतं. वर्गातली मुलं, त्यांचे आईबाप, कमिटी, सगळे गाड्यांच्या मधे पत्रावळी मांडून बसले होते. सौरभसुद्धा. त्याला म्हणे घाई होती.

मी किल्ली घेऊन वर हॉलमध्ये बसलो. हॉल मोकळा सोडता येत नाही. खालून हसण्याचा आवाज येत होता. वहीत खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. भूकही लागली होती.

२ ऑगस्ट, शनिवार
उमाजीरावांचा फोन. म्हणाले, परेशान नक्को होऊ, पण उद्या तुमच्यावर अविश्वास ठराव हाय. चहा पिऊन या, बोलायला वेळ लागंल. आवाजात माया होती. राजकारणात हेच धोकादायक.

हिशेब केला. सौरभ आणि तिघे: चार माझे. उमाजीराव आणि तिघे: चार विरोधी. नववं मत मीनाचं. म्हणजे सरकार स्थिर.

संध्याकाळी मीनाला सहज विचारलं, उद्या काय ठरवलंयस? ती म्हणाली, सदस्याला घरात गाठून मत मागणं प्रोटोकॉलला धरून आहे का? मृण्मयी हसत आत गेली. तिची परीक्षा जवळ आली आहे, हसायची वेळ नाही.

३ ऑगस्ट, रविवार
नऊ विरुद्ध शून्य.

सौरभने भाषण केलं. म्हणाला, रोहनने परवा पुण्याच्या आजीला फोनवर वर्तमानपत्र वाचून दाखवलं, आजी रडली. आणि आपण त्या पोराला स्कूटरांमध्ये बसवलंय. मीनाने हात वर केला तेव्हा माझ्याकडे सरळ पाहिलं. मी वर पाहिलं. पंखा बंद होता.

जमेची बाजू: मीनाच्या मतामुळे मी पडलो असं कोणी म्हणू शकणार नाही. ती माझ्या बाजूने असती तरी पडलोच असतो.

म्हटलं ठीक आहे, साधा सदस्य म्हणून काम करीन. सोबत आलेल्या मृण्मयीने आठवण करून दिली. सीट नाही. जिना मीच काढून घेतला होता. फेटा बांधायच्या आत गेला, किल्ली टेबलावर ठेवली. कमिटीने नवा अध्यक्ष एकमताने निवडला. सौ. मीना. उमाजीरावांनीच नाव सुचवलं. दोन्ही आदेश तिने उभ्याउभ्या रद्द केले.

घरी येताना मेट्रोत शेजारी बसलो. ती म्हणाली, कागद कशाला दिलात हो, नुसतं विचारलं असतंत तर शनिवारी घेतला असता वर्ग. यावर मुद्देसूद उत्तर होतं. स्टेशन आलं.

१७ ऑगस्ट, रविवार
सुवर्णमहोत्सव पार पडला. मधल्या खुर्चीत मीना. फेटा तिला बरा दिसतो. किल्ली पर्समध्ये. रोहनने मंडळाची हकिकत वाचली, ‘सुवर्णमहोत्सव’ला अडखळला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

मग पंगत. मावळत्या अध्यक्षाने वाढायचं. मावळता अध्यक्ष कोण, यावर मी बराच विचार केला, तोवर मालनबाईंनी कढीचं ओगराळं हातात दिलं. म्हणाल्या, कमरेत वाका, भाऊ, नाहीतर सदऱ्यावर सांडंल.

पहिल्या ओळीत एकाने सांगितलं, हॉलचा नळ अजून गळतोय. दुसऱ्या ओळीत एक बाई म्हणाल्या, मुलासाठी फार्मा कंपनीत कुठे ओळख आहे का. ओळ संपेपर्यंत तिघांनी माझा नंबर घेतला. एकाला मी हौ, बघतो म्हणालो. तोंडातून गेलं.

तरी अभ्यास सोडलेला नाही. स्वित्झर्लंड! तिथे संसद सात जणांचं मंत्रिमंडळ निवडते आणि अध्यक्षपद त्यांच्यात दरवर्षी फिरतं. कोणी पडत नाही, सगळ्यांना पाळी येते. स्टेजजवळच्या पानाशी पोचलो तेव्हा अध्यक्षांच्या कानावर घातलं. फेटा सावरत तिने वाटी पुढे केली. म्हणाली, वरवरची वाढू नका हो, तळातून ढवळा.

ढवळली.