साखळी टाकली का

काका, तुम्ही मला मारलंत ते टेंभुर्णीच्या पुढच्या वाडीत, भर चौकात, बायका दळण घेऊन चालल्या होत्या तेव्हा. मी नवीन वायरमन, तुम्ही माझे शिकवणारे. लाइन बंद आहे, चढ म्हणालात, मी चढले. तारेला हात लावला आणि खालून तुमची हाक आली. उतरल्या उतरल्या थोबाडीत बसली. बंद तारांवरही आधी जमिनीशी जोडलेली साखळी टाकायची, मगच हात लावायचा, हे मी विसरले होते. "मेलीस तू," तुम्ही म्हणालात. "वीज परळीची असो न्हाईतर कुणाच्या छपरावरच्या सोलरची, मारताना गाव इचारत न्हाई. बस आता मुडद्यावानी." संध्याकाळपर्यंत मला खांबाखाली बसवलंत. एका बाईनं चहा आणला, तर मुडद्याला चहा कशाला म्हणून तो तुम्हीच प्यालात. लोक हसत होते. मला तुमचा भयंकर राग आला, आणि तो पुढची दोन वर्षं मी नीट सांभाळला.

मग ते लग्न. वाडीतली वीज सकाळीच गेलेली, नवरदेव वेशीत उभा, आणि माणसं तुमच्या अंगावर येतायत, जल्दी करा, जल्दी करा. डीपीवरचे फ्यूज काढून, लाइन बंद करून मी परत येते तर तुम्ही अर्ध्या खांबावर. साखळी मोटारसायकलच्या पिशवीत. वर पोचून तुम्ही तारेला हात घातलात, तेवढ्यात लग्नघरी कुणीतरी जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडून चालू केला, मेन स्विच बंद न करता, आणि घरातली वीज उलटी खांबाकडे आली. तुमचा आवाजसुद्धा निघाला नाही. पट्ट्याला लटकून राहिलात. मांडवात दिवे लागले म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, साखळी टाकली नव्हती हे तू पाहिलंस का. मी डीपीकडे होते, असं मी सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं.

काकू अजून मला जेवायला बोलावतात. परवा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तू व्हतीस तिथं, ते बरं झालं. आपलं कुणीतरी व्हतं." मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

हे पत्र मी टाकणार नाही, तुमच्या पत्त्यावर आलेलं काकूच उघडतील. साखळी पिशवीत आहे हे मला दिसलं होतं, काका. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. मग म्हटलं, चुकू दे की म्हाताऱ्याला एकदा, खाली उतरला की सगळ्यांसमोर विचारीन.